पिठोरीचं वाण

खमरिया, जबलपूर
१२ सप्टेंबर १९६५

ती. सौ. भानुताईस,
हेमाचा नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. यंदा ग्वारीघाटावरचं गणपतीचं विसर्जन दिवेलागणीच्या आतच उरकलं. खिडक्यांना काळे कागद लावलेत. कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजतो, मग यांची आणि तुझ्या विनयची वाट पाहत मी दारातच उभी राहते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तेल लावून घेतात की अजून तसेच हट्टी?

तुझं पत्र मिळालं. पिठोरीला तू वाण डोक्यावर धरून पाठमोरी बसलीस, ‘अतिथी कोण?’ म्हणून तीनदा विचारलंस आणि मागून ‘मी’ म्हणायला लेकच नव्हता. शेवटी पोळ्याच्या बैलांची शिंगं रंगवत असलेले भाऊजी तसेच लाल हातांनी आत आले आणि ‘मी’ म्हणाले. तू हे सगळं हसण्यावारी नेलंस. खाली लिहिलंस, ‘रजाच नाही मिळाली तर पोरानं काय करावं? तिकडे तूच त्याची आई.’

ताई, रजा मिळाली होती. विनयनं पिशवीसुद्धा भरली होती. मीच तुला लिहिलं की रजा मिळत नाही, आणि त्याला सांगितलं की गाड्यांतून फौजा चालल्यात, आई म्हणते या खेपेला येऊ नको. आईचा शब्द म्हणून त्यानं रजा परत केली.

दरवर्षी पिठोरीला मी शेजारच्या शैलजाबाईंकडे जाते. त्या चौसष्ट योगिनींचं चित्र पुजतात, कहाणी वाचतात, मी हळदीकुंकू घेऊन घरी येते. कहाणीतली ती बाई, लेकरं जगत नाहीत म्हणून घराबाहेर घातलेली, रानात झाडावर बसून असते. खाली देवकन्या वाण काढून विचारतात, अतिथी कोण? ती उतरते आणि म्हणते, मी. तिची ओटी भरते. ऐकताना दरवर्षी मला ती बाई मीच वाटायची. एकदा आपल्या घरातही मागून कुणी उत्तर द्यावं, एवढीच हाव होती. पण त्या बाईला तिचीच लेकरं परत मिळाली गं. दुसरीचं तिनं ओढून घेतलं नव्हतं.

यंदा मी घरीच खीरपुरी केली, पाठमोरी बसले, विचारलं. तुझा लेक हसत म्हणाला, “मी विनय. अजून कोण येऊन राहिलं मावशी तुझ्याकडे?” मला रडू फुटलं. त्याला ते आनंदाचं वाटलं, आणि खरं सांगते, होतंही. मग पुरी मोडता मोडता तो थांबला. “आई आता कोणाले विचारून राहिली असंल?” मी उठून उगाच चुलीकडे गेले.

काल त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “असं काहून केलं? मले म्हटलं असतं, त आईले विचारून थांबलो असतो.” आणि डबा न घेता कामावर गेला. तू हो म्हणाली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मागून घेतलेलं मला नको होतं, हक्काचं हवं होतं.

आता लढाईमुळे सगळ्यांच्याच रजा खरोखर बंद झाल्यात. माझं खोटं खरं होऊन बसलं. तो ज्या शेडमध्ये दारूगोळा भरतो तिथला भोंगा वाजला की तुझी त्याची भेट मी घालवली हे आठवतं. रजा उघडल्या की पहिल्या गाडीनं त्याला तुझ्याकडे धाडीन. तो आला की पिठोरी असो नसो, तू खीर कर, पाठमोरी बस आणि विचार. मी इथं पुन्हा विचारणार नाही.

शिव्या घालायच्या तर पत्रातून घाल, पण पत्र बंद करू नकोस.

त्याची आई नव्हे,
विनयची मावशी
हेमलता