तिसऱ्या रविवारचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, धंद्याने बुकबाइंडर, आमच्या अँग्लिकन चर्चची सभासद आणि कमिटीने हौसेने नेमलेली, मग पस्तावून सोसलेली इतिहासलेखिका, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहिते. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "काही होत नाही हो बाई," आणि लगेच सहीला कागद पुढे करतात. म्हणून हा माझाही कागद.

१. खालचा दुकानगाळा आणि वरच्या दोन खोल्या धाकट्या भावाला. अंमलबजावणीही त्यानेच करावी. भावजय परवाच "वन्सं, सहज हं," म्हणत खिडकीचं माप घेऊन गेली. पडदे तिनेच शिवावेत.

२. दाबयंत्र, हातोडा, सुया आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी वाचनालयाच्या बाइंडरला. अट एकच, त्याने स्टेपलर टाकून द्यावा.

३. चर्चच्या इतिहासाचं हस्तलिखित, पानं तीनशे बारा, चर्चला. छापायचं तर सगळं, नाहीतर नाही.

कमिटीच्या अध्यक्षांना (ज्यांना सगळे मागून 'टाय' म्हणतात) पान अकरा खुपतं. वेदी पूर्वेला असावी म्हणून पहिल्या मोजणीदाराने होकायंत्र लावलं, पण ते लोखंडाने भरलेल्या गाडीवर ठेवून. त्यामुळे एकशे चाळीस वर्षं आपण विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना पूर्व समजून भक्तिभावाने वळतो ते आग्नेयेला.

"बाई, लोक हसतील," टाय म्हणाले.

"हसू देत. देवाने इतकी वर्षं चालवून घेतलंच ना?"

तापाच्या साथीत बाकं बाहेर काढून आत चाळीस खाटा लावल्या, ते पान मात्र त्यांना आवडतं. त्यात त्यांचे आजोबा आहेत.

४. पानं गाळणाऱ्यांना मी नावं ठेवते, पण एक पान मीही गाळलं आहे. ते इथे लिहिते. ते दोनशे चाळिसाव्या पानानंतर शिवावं.

आपल्याकडे लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं भर उपासनेत वाचतात. कोणाची हरकत असेल तर त्याने तिथेच सांगावी. सव्वीस वर्षांपूर्वी दोन रविवार माझं नाव वाचलं गेलं. शेजारी नाव होतं ऑर्गन दुरुस्तीला आलेल्या माणसाचं. त्याच्या बाहीला कायम नळ्या डागायच्या कथलाचा वास यायचा. हरकत कोणी घेतली नाही. घेतली ती ही नावं ज्यातून वाचतात त्या रजिस्टराच्या पाठीने. ती उसवली होती, आणि फाटक्या वहीतून माझं नाव तिसऱ्यांदा वाचलं जावं हे माझ्यातल्या बाइंडरला सोसेना. शनिवारी वही घरी आणून बांधायला घेतली. रविवारी सकाळी पाठीला लावलेला सरस अजून ओला होता. वही दाबातून काढली असती तर पानं सुटली असती. जुने पाळकसाहेब नियमाचे पक्के, रजिस्टर समोर नसेल तर नाव नाही. तिसऱ्या रविवारचा रकाना कोरा राहिला.

बाहेर पायरीवर त्याने हळूच विचारलं, "मन बदललं का गं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सगळे बघत होते आणि माझी जीभ माझ्याआधी पोचते. मी म्हटलं, "घाई काय आहे? रविवार दर आठवड्याला येतो."

लोक हसले. तोही हसला. बुधवारी बंदरावरच्या कामाला गेला आणि तिथून दोनच शब्दांचं पत्र आलं, "समजलं मला."

त्याला काहीच समजलं नव्हतं. माझं मन बदललं नव्हतं. अजूनही नाही.

५. ऑर्गनच्या झाकणाच्या आत त्याने पेन्सिलीने आपला पत्ता लिहून ठेवला होता. मी तो दर रविवारी उपासनेनंतर वाचते. वरच्या पानाची एक प्रत त्या पत्त्यावर पाठवावी. तो तिथे नसेल तर शोधावं. सोबत माझी चिठ्ठी मागू नये; मी पुन्हा काहीतरी विनोद करून ठेवीन.

हे सर्व वाचून, समजून, माझ्या हाताने लिहून सही केली.

सही: बाइंडरबाई

साक्षीदार, ज्यांना यात काही मिळत नाही:
१. सध्याचे पाळकसाहेब
२. शेजारच्या नर्सताई

ठिकाण: चर्चमागची रजिस्टरांची खोली
दिनांक: १४ जून, सोमवार