पोपट पाळण्यात चढला

३ मार्च

आजही नाही जमलं! गच्चीवर गेलो, पट्टा बांधला, कठड्यापलीकडे पाय टाकायची वेळ आली आणि पाय मागे घेतला. काचा पुसायचा पाळणा समोर लोंबतोय आणि मी कठड्याला मिठी मारून उभा. मागच्या महिन्यात दोर अडकून तो मला घेऊन कलंडला, तेव्हापासून हे असंच.

मुकादम म्हणाला, "शनिवारी चढ, नाहीतर पट्टा जमा कर." म्हणजे काम सुटलं. दुसरं काही येतं कुठे मला?

४ मार्च

कंपनीने आम्हाला हुरूप यावा म्हणून वक्ता आणला. कडक इस्त्री, चकचकीत बूट. "भीती फक्त मनात असते!" — तासभर हेच दळण. याचं काय जातंय बोलायला! बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याचं नाव पोपट ठेवलं.

घरी ही म्हणाली, "नाही चढलात तरी चालेल हो. बघू काहीतरी." त्याचाच जास्त राग आला. उगाच खेकसलो तिच्यावर.

६ मार्च

उद्या शनिवार. घास उतरत नाही.

७ मार्च

पोपट गच्चीवर हजर! म्हणे, धीर द्यायला आलोय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, भीती मनातच असते ना? मग या की माझ्याबरोबर!" सगळे फिदीफिदी हसले. वाटलं, आता हा काढता पाय घेणार. त्याने एकदा कठड्यावरून खाली पाहिलं. मग बूट काढले, पट्टा मागितला. मुकादम नको नको म्हणत असताना चढला! आता मी मागे कसा राहणार?

पाळणा सुटला आणि याचा चेहरा पांढराफटक. दात वाजायला लागले. माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. मग मीच बोलत सुटलो — "खाली बघू नका. माझ्याकडे बघा. श्वास सोडा. दोर पक्का आहे, मी स्वतः तपासलाय." प्रत्येक मजल्याला तेच तेच. जमिनीला टेकलो तेव्हा लक्षात आलं — घाबरायचं राहूनच गेलं! दुपारी एकटा चढलो. सगळी बाजू पुसून काढली.

संध्याकाळी हिला पोपटाची नक्कल करून दाखवली. पोट धरून हसली.

९ मार्च

मुकादमाने आज सांगितलं. तो वक्ता आधी काचाच पुसायचा. दोघे भाऊ एकाच पाळण्यात असायचे. धाकटा त्याच्या डोळ्यांदेखत खाली पडून गेला. त्यानंतर तो कधीच चढला नव्हता. परवापर्यंत.