डबा कुठे राहणार

आई, मी पुन्हा शिकायला लागलोय. हसू नकोस. तेहतिसाव्या वर्षी, दिवसभर कुरियरच्या ऑफिसात पार्सलांच्या मागे धावून, संध्याकाळी ग्राफिक डिझाइनच्या वर्गात बसतो. वर्गातली पोरं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तोंडावर काका म्हणत नाहीत, मनात म्हणत असणार. आमच्या मॅडमसुद्धा माझ्याहून लहान आहेत. तू असतीस तर "या वयात रंगपेटी कशाला?" असं विचारलं असतंस आणि दुसऱ्या दिवशी डबा जरा जास्त भरला असतास. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मधल्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहायला बसलो तो आज, आणि तेसुद्धा शेजारच्या काकूंच्या तांदळाच्या पिंपामुळे.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातलं तुझं ते भांड्यांचं दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण त्या वाटेने गेलो की दाराजवळचं तुझं स्टूल मला अजून दिसतं. तू तिथे भांडी पुसायला आणि खोक्यांत भरायला लागली होतीस. भांड्यांवर नावं घालणारा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, आणि शेठनी ते मशीन तुझ्या हातात दिलं, कारण खोक्यांवरचं तुझं अक्षर त्यांना वाचता यायचं. सातवी शिकलेली तू. जाड पेनासारखं मशीन, पुढे टोक, मागे वायर. चालू केलं की घर्रर्र थरथरायचं आणि स्टीलवर ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटायचं. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचो, आणि मला लाज वाटायची ती मशीनची नव्हे, तुझ्या प्रश्नाची. प्रत्येक गिऱ्हाइकाला तू विचारायचीस, "डब्बा किधर रहेगा?" बायका गोंधळायच्या. "अरे, घर में रहेगा, और किधर?" तू हटायची नाहीस. "घर में किधर? ऊपर शेल्फ पे, के ओटे के नीचे?" मग गल्ल्यावरून शेठ ओरडायचे, "अरे बेन, नाम लिखो ना! लोगों के घर का नकशा क्यों निकालते हो?" दुकानात हशा पिकायचा. तूही हसायचीस, पण उत्तर मिळेपर्यंत मशीन काही सुरू करायची नाहीस. मला वाटायचं, आईला बोलायची हौस आहे. घरी बोलायला मी एकटा, तोही घुम्या.

एक दिवस तर फारच लख्ख आठवतो. मी नववीत आहे. भाईंदरजवळच्या डोंगरी गावच्या एक मावशी भलामोठा टोप घ्यायला आल्यायत, मासळीच्या कालवणाचा, लग्नाकार्याला लागतो तेवढा. तू तुझा प्रश्न विचारतेस, या वेळी मराठीत. मावशी म्हणतात, "टोपाला कसली गो जागा? भरला तं चुलीवर, न्हाय तं धुवून पडवीत उपडा हाय." तू मान हलवतेस, टोप मांडीवर घेतेस आणि नाव घालतेस. शेठ येऊन बघतात तर नाव उलटं. काठ वर धरला की अक्षरं खाली डोकं वर पाय. शेठचा पारा चढतो. "ये क्या किया बेन? पूरा उलटा!" गिऱ्हाइकांसमोर तुला नाही नाही ते बोलतात. तू काहीतरी सांगायला तोंड उघडतेस, शेठ हात आडवा करतात. शेवटी मावशीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या शेठ, मला तरी कुठं वाचता येतंय," आणि टोप घेऊन रिक्षात बसल्या. त्या संध्याकाळी घरी जाताना मी तुझ्या बरोबरीने चाललो नाही, चार पावलं पुढे चाललो. चूक तुझी आणि मान खाली माझी, असं मला वाटत होतं.

आता माझ्या शिक्षणाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला धड वर्तुळ काढता येत नव्हतं. आता हाताने काढतो आणि मॅडम पट्टी लावून बघत नाहीत. दोन अक्षरांमधली मोकळी जागासुद्धा अक्षराइतकीच मन लावून काढावी लागते, हे कळायला मला सहा महिने लागले. कॉम्प्युटरवर तर माझा हात चांगलाच बसलाय. पण मॅडमचं एक पालुपद होतं. माझं काम समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "स्वच्छ आहे. पण हे कोण वाचणार? कुठून वाचणार?" मला राग यायचा. स्क्रीनवर वाचणार, आणखी कुठून! तीनदा काम परत आलं, तेव्हा मी ठरवून टाकलं की शेवटच्या प्रोजेक्टला हेच ऐकावं लागलं तर आपला हा प्रांत नाही, गुमान कुरियरची पार्सलं मोजायची. प्रोजेक्ट होतं आपल्या भोवतालची अक्षरं जमवायची आणि त्यांवरून नवी मुळाक्षरं घडवायची. मी तुझी अक्षरं घेतली. भक्तीने घेतली म्हणालो तर खोटं होईल. सोपी वाटली म्हणून घेतली. ठिपक्यांची वेडीवाकडी अक्षरं, ती सरळ केली की झालं. आईचं अक्षर सुधारून देतो, असा माज होता मला.

शोधायला लागलो तर आपल्या घरात एकाही भांड्यावर नाव नाही! "आपली भांडी कोण नेतंय," म्हणायचीस तू. म्हणून काकूंकडे गेलो. ओट्याखालच्या पिंपावर त्यांचं नाव आहे. फतकल मारून बसलो, ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि त्यावर पेन्सिल घासली. घरी येऊन कागद टेबलावर पसरला तर अक्षरांवरची रेघ वाकडी. मधे उचललेली, दोन्ही टोकांना उतरलेली. म्हटलं, दिवसभर मशीन धरून हात थकला असेल बिचारीचा. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत सरळ केली. मग एक वेलांटी नीट उमटली नव्हती म्हणून पुन्हा काकूंकडे गेलो. दारातूनच पिंपाकडे नजर गेली आणि मी तिथेच थांबलो. रेघ सरळ होती. अगदी पट्टीने आखल्यासारखी. खाली बसलो, वाकडी झाली. उभा राहिलो, सरळ झाली. चार-पाच वेळा उठाबशा काढल्या. काकू म्हणाल्या, "काय रे, बरं वाटत नाही का?" मी विचारलं, "काकू, हे नाव घालताना आईने काही विचारलं होतं?" "तर! पिंप कुठे राहणार म्हणाली. मी म्हटलं ओट्याखाली. वरच्या शेल्फवरच्या डब्याचं पण विचारलं होतं तिने." मी स्टुलावर चढून तो डबा उतरवला. हातात धरून पाहिलं तर त्याच्यावरची रेघ मधे झुकलेली आणि टोकांना चढलेली, बरोबर उलटी. डबा वर ठेवून खालून पाहिला. सरळ!

गोल भांड्याकडे वरून पाहिलं की आडवी रेघ पोटात लोंबल्यासारखी दिसते, आणि खालून पाहिलं की कमानीसारखी. तू तेवढीच उलटी वाकवत होतीस. कोणाच्या स्वयंपाकघरात कुठे उभं राहून कोण बघणार, हे विचारून घेऊन. आई, माझ्या अंगावर काटा आला.  माझं चुकलं तर एक बटण दाबून मागे येतो, दिवसातून शंभरदा येतो. तुझ्या मशीनला मागे येणं नव्हतं. स्टीलवर पडलेला ठिपका पडला. आणि तरी तू मांडीवरच्या भांड्यावर, एकदाच, कागदावर न आखता, दुसरीच्या घरातली नजर धरून रेघ वाकवायचीस. आणि हे कधी कोणाला सांगितलं नाहीस. शेठला नाही, मला नाही. सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं का, हा प्रश्न आहेच.

पुढच्या रविवारी बस पकडून डोंगरीला गेलो. विचारत विचारत मावशींचं घर सापडलं. त्या आता खूप थकल्यात. पडवीत टोप धुवून उपडा घातलेला होता आणि त्याच्यावर नाव सुलटं, ऊन पडून चमकत होतं.  मावशी म्हणाल्या, "तुझ्या आयशीनं लिवलं ना? अजून न्हाय गेलं. मला वाचता न्हाय येत, पन पोरी सांगतात, टोप उपडा असला का माजंच नाव पयलं दिसतं." मी तिथे पायरीवर बसून तुझी माफी मागितली, त्या चार पावलांसाठी. मावशींना वाटलं ऊन लागलं.

काकूंकडून पिंप आणि डबा उसने घेतले आणि वर्गात नेले, पिंप जमिनीवर, डबा कपाटावर. मॅडम उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या.  मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आई कुठे शिकल्या?" मी म्हटलं, भाईंदरला, स्टुलावर. त्यांनी माझं काम या वेळी परत केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आता एक भांडं तुमच्या हातचं आणा. मग पूर्ण झालं समजा."

म्हणून काल तुझं मशीन काढलं, दुकान बंद करताना शेठनी घरी आणून दिलेलं. चालतं अजून. आणि आता ते सांगतो, ज्यासाठी एवढी प्रस्तावना झाली. मी अकरावीला गेलो तेव्हा तू मला नवा डबा आणला होतास. आपल्या घरातलं नाव घातलेलं एकमेव भांडं. घालण्याआधी मलाही विचारलंस, "कुठे बसून जेवणार? बाकावर की डबा मांडीवर घेऊन?" मी खेकसलो, "मी काय गिऱ्हाईक आहे?" तू मशीन चालू केलंस आणि झाकणावर माझं नाव घातलंस. कॉलेजात पोरांनी ते मोठ्याने वाचलं, हजेरी घेतात तसं, आणि हसली. भाईंदर पूर्वेला एका मित्राच्या वडिलांचा भांडी पॉलिश करायचा गाळा होता. तिथे मी झाकण घासून घेतलं, दोन मिनिटांत नाव गेलं. तुला सांगितलं की डबा हरवला. तू म्हणालीस, "जाऊ दे. नाव आहे ना त्याच्यावर, कोणीतरी आणून देईल." आणि पुढे कितीतरी दिवस, मी दारातून आत आलो की विचारायचीस, "आला का रे डबा?"

डबा हरवला नव्हता, आई. इथे टेबलावर आहे, त्यात माझ्या पेन्सिली असतात. काल झाकण मांडीवर घेतलं, मशीन चालू केलं आणि हात पुढे जाईना. तू नाव कुठल्या बाजूने घातलं होतंस, रेघ सरळ ठेवली होतीस की वाकवली होतीस, काही आठवेना. मी उत्तर दिलं नव्हतं, तरी तू नाव घातलंस. म्हणजे आपला पोरगा कुठे, कसा बसून जेवेल, हे तू मनाशी धरलं असणार. ते काय धरलं होतंस, ते फक्त त्या झाकणावर होतं. मी ते नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.