उन्हात ठेवलेला बांजो

उस्ताद,

कसे आहात? पाठीचं दुखणं तिथे तरी थांबलं का? बाईसाहेब तुमच्या आधी गेल्या, त्यांचा खोकला आता गेला असेल. आणि तुमचा तो म्हातारा कुत्रा, तुम्ही वाजवायला बसलात की अजून टेबलाखाली जातो का? इकडे आम्ही बरे आहोत. बायकोची शुगर कंट्रोलमध्ये आहे. मी आता मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाकडे राहतो. मांडीवर बांजो घेतला की नात म्हणते, "दादा, प्लीज, आय हॅव अ टेस्ट," पण खोलीचं दार अर्धं उघडंच ठेवते. माझी बोटं सकाळी आखडतात, तेवढी एक तक्रार. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मराठी तुम्हाला येत नव्हतं, पण तिथे भाषेची अडचण नसावी असं धरून लिहितोय.

इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो आणि तुम्ही वेल्डिंग तपासायला यायचात. एका दुपारी सहीसाठी कागद घेऊन तुमच्या केबिनशी आलो, तर तुम्ही डबा खायचा सोडून अमेरिकेहून आणलेला तो शंभर वर्षांचा, कातडं मढवलेला बांजो वाजवत गात होतात. मी दारातच उभा राहिलो. गाण्यातलं अक्षर कळलं नाही. मग तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत सांगितलंत, की रेल्वेचा रूळ टाकणारा मजूर आहे, रूळ संपला की घरी जाईन म्हणतो, आणि रूळ काही संपत नाही. मी म्हटलं, हे तर आमच्या लेबर कॅम्पचं गाणं. तुम्ही हसलात आणि बांजो माझ्या मांडीवर ठेवलात. शाळेत मी सातवीपुढे गेलो नाही, गाणं कुणी शिकवलं नाही. नखाच्या पाठीने तार खाली मारायची, मागून अंगठ्याने आखूड तार छेडायची, हे तुम्ही माझ्या हातात बसवलंत. एकदा मी चढून जोरात वाजवायला लागलो, तेव्हा माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणालात, "बस नहीं छूट रहा, हबीबी. धीरे." आजही हात पळायला लागला की ते मनगट आपोआप थांबतं.

मग ऑगस्ट आला. तुम्ही महिनाभर सुट्टीवर गेलात आणि तो बांजो माझ्याकडे ठेवलात. दमट हवेने त्याचं कातडं इतकं सैल पडलं, की वाजवलं तर उशी थोपटल्यासारखं वाटे. आमच्या गावी, रत्नागिरीकडे, लग्नात वाजवायच्या दफाचं कातडं सैल पडलं की तो उन्हात धरतात. माझ्या वडिलांचे दफ मीच धरायचो. तेच डोक्यात. भर दुपारी बांजो पिकअपच्या बोनेटवर ठेवला आणि नमाजला गेलो. परत येतो तर कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत उभं फाटलेलं. कोकणातलं ऊन आणि मुसफ्फाचं ऊन एक नाही, बोनेट तर तवाच, हे तेव्हा सुचलं.

तुम्ही परत आलात तेव्हा मी सांगितलं, एसीच्या कोरड्या हवेने फाटलं. तुम्ही त्या चिरेवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "खलास. बहुत बूढ़ा था. तुमको नया लगाना आता है?" मी बकरी ईदच्या बकऱ्याचं कातडं मिळवलं, भिजवलं, वडील दफ मढवायचे तसं ताणून बसवलं. सुकल्यावर तुम्ही वाजवलंत आणि डोळे मिटून घेतलेत. मग सांगितलंत, की हे वाद्य अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकेच्या माणसांचं, मूळचं त्याला बकऱ्याचंच कातडं असायचं, आता कुठे ते आपल्या आवाजात बोलतंय. माझ्या हातचं काम तुम्ही येईल त्याला दाखवत होतात. इतका मान मला कुठल्या साहेबाने दिला नाही.

पण उस्ताद, तुमच्या घरी बांजोच्या खोलीत त्यानंतर तुम्ही एसी लावला नाहीत. तीन उन्हाळे. मानेवर टॉवेल टाकून वाजवायचात आणि पाहुण्यांना सांगायचात, माझ्या फिटरचा हुकूम आहे. मी समोर बसून तोच घाम पुसायचो. तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी तुमची मुलगी येतेय, बांजो न्यायला. शेवटी तुम्ही तो मला दिलात तरी हक्क तिचाच, मी लगेच हो म्हटलं. तिने मेलमध्ये एवढंच विचारलंय, की डॅडी एसीला घाबरायचे, तर मीही खोली तशीच ठेवू ना? ती राहते तिथेही उन्हाळा कडक. माझ्या खोट्यापायी आता लेकीनेही घामाने भिजायचं? ती आली की तोंडावर सांगणार आहे. ऐकून ती काय म्हणेल, बापाची वस्तू कुणाच्या हाती दिली होती असं वाटेल का तिला, त्याचीच धाकधूक आहे. म्हणून आधी तुम्हाला सांगतो: एसीचा काही दोष नव्हता. मीच उन्हात ठेवला होता.

हे पत्र बांजोच्या पेटीत ठेवणार नाही, ती उघडेल. माझ्या उशाशीच राहील. एकच विचारायचंय. बोट फिरवलंत तेव्हा कडेच्या पितळी कड्याला बोनेटचा पांढरा रंग लागलेला होता, तो मी नंतर पुसला. तुम्हाला तो दिसला होता का? जमलं तर शुक्रवारच्या आत कळवा.