प्लग किती आवळावा

बुध. ७ जाने., नांदेड
सासूबाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होकार दिला. एवढे दिवस 'हा सण होऊ द्या' चालले होते. सोमवारी लातूरला तपासणी, जावयाच्या गाडीतून. सौ. म्हणाली, "गाडी वाटेत बंद पडली की आई म्हणणार, देवाच्या मनात नाही. मग ती पुन्हा तयार व्हायची नाही." गाडी आठवडाभर आचके देतेच आहे. इंजिनाचे स्पार्क प्लग बदलायचे ठरवले. स्वतः. सौ.ने मिस्त्रीचा नंबर लिहून समोर ठेवला. ते बोलण्यापेक्षा वाईट.

शुक्र. ९
कॉलेजातून येऊन, इंजिन गार झाल्यावर नवे प्लग बसवले. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकाला लावून बोटांनीच फिरवत नेले, अडेपर्यंत. मग पान्याने अर्धा वळसा, वायसर दबेल इतकाच. आणि थांबलो. सगळी विद्या त्या थांबण्यात. आचके बंद. अंमळ गर्व झाला.

शनि. १०, मुखेड
सासुरवाडी. मेव्हणा, बालाजी, शेतावरून आला तो थेट बॉनेटपाशी. त्याला सविस्तर निरूपण केले: इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे, नरम; जास्त आवळले की आटे जातात. "हाव दाजी," म्हणाला. फार पटकन म्हणाला.

रवि. ११
मी आंघोळीला गेलो तेवढ्यात पठ्ठ्याने दोन प्लग काढून पुन्हा बसवले. आट्यांना बोअरच्या पाइपाची पांढरी टेप गुंडाळून. वर पान्याच्या दांड्यात दीड हात लोखंडी पाइप घालून. तिसऱ्यावर असताना पोचलो.
"बालाजीराव, हे कशासाठी?"
"ढिले होते की वो दाजी. बोटानं बसवल्यालं कुठं टिकतंय? टेपबिगर मोटारीचा पाइप जोडून बघा, पाणीच पाणी."
"इथं पाणी नाही."
"हवा तर हाय नं."
न्यायशास्त्रात याला उत्तर असेल. मी पान्यातून पाइप काढून घेतला.
टेप काढली. एक प्लग ठीक. दुसऱ्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चकचकीत चुरा. परत बसवला तर फिरतोच आहे, फिरतोच आहे. शेवटी अडला, की अडल्यासारखे केले त्याने, कोण जाणे. नांदेडच्या मिस्त्रीला फोन: नवे आटे पाडावे लागतील, गाडी ठेवून जा. म्हणजे सोमवार गेला.
बालाजीला काय बोलावे? "आईला न्यायचंय म्हणून गच्च केलं," म्हणतो, आणि डोळ्यांत पाणी.
आतून सासूबाई: "काय झालं रे?"
दोघे एकदम: "काही नाही."
जायचेच ठरले. हळू.

सोम. १२, चाकूर, हॉटेलात
चाकूरच्या अलीकडे फट् फट्. तोच प्लग वर आलेला. गरम इंजिनात हात घालता येत नाही, उरलेसुरले आटेही जातील. चहा मागवून बसलोय. सौ. माझ्याकडे बघत नाही.
सासूबाई गाडीतच, मागच्या सीटवर; त्यांचा चहा घेऊन दोघे गेलो. देवाच्या मनाविषयी माझे उत्तर तयार होते. त्यांनी विचारले भलतेच.
"बालाजीनं हात लावला व्हता का?"
"...थोडा."
"पाइप नेताना दिसला मला. तेवढं दिसतंय अजून. बरणीचं झाकण बी तो असंच लावतो, मग घरात कुणाला लोणचं मिळत न्हाई." सौ. हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.
मग सासूबाई, कप परत देत: "जावईबापू, तो डाक्टर किती वाजेपर्यंत बसतो?"
विचारतो म्हणालो. इंजिनाला हात लावून आलो. अजून गरमच.