अर्धी जुळणी

प्रिय सोनू,

पत्र बघून दचकू नकोस. हल्ली तुझा फोन नवऱ्याकडंच असतो; केला की सत्यमराव उचलतात आणि "सोनिया मळ्यात गेलीय" म्हणून ठेवून देतात, म्हणून तुझ्या नणंदेच्या, प्रेरणाच्या हाती हे देतेय. पोरगी गुणाची आहे. कॉलेज सुटल्यावर स्वतःहून पुंडलिकनगरला आईकडं आली आणि म्हणाली, "ताई, वहिनीला काय द्यायचं ते द्या, मी तिच्याच हातात देते."

आई बरी आहे. गुडघे दुखतात, तरी रोज लेकासाठी डबा घेऊन दवाखान्यात येते. काचेच्या खोलीत ऋतुराजला बाहेरचं खाणं चालत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी आणते. मग मी तिच्यासमोर बसून तो डबा संपवते.

सोनू, माझी उमेदीची सगळी वर्षं एकाच प्रश्नात गेली. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ज्याच्या पेशी पूर्ण जुळतात असा दाता मिळाला नाही, तर अर्ध्या जुळणीवर माणूस वाचवता येतो का? जालना, बीड, परभणीची माणसं आमच्याकडं यायची. एखाद्याला भाऊ-बहीण नसायची, एखाद्याची बहीण सासरचे पाठवायचे नाहीत. अशांना आई-बापाच्या, लेकराच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी देऊन आम्ही उभं केलं. सगळी नाही वाचली, पण पुष्कळ वाचली. त्या काळात प्लेटलेट्स कमी पडल्या की मी ऋतुराजला फोन करायचे. चिकलठाण्याच्या कंपनीतून पाळी संपवून तो तसाच यायचा, तेलकट कपड्यांत, सोबत दोघं-तिघं दोस्त घेऊन. कुणासाठी द्यायचंय हे त्यानं कधी विचारलं नाही. "तायडे, दंड कुठला पुढं करू तेवढं सांग," एवढंच म्हणायचा.

मग त्याचाच रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. आपल्या दोघींच्या तपासण्या झाल्या. तुझं पूर्ण जुळलं, माझं अर्धं. तुझ्या सासूबाई, द्वारकाबाई, म्हणाल्या, "लेकराबाळाची बाई हाय, हाडातलं काढून दिलं तर पुढं काय व्हईल?" मी समजावलं. दंडातूनच रक्त घेतात, आतल्या पेशी महिन्याभरात भरून येतात, मूल व्हायला काही अडत नाही. त्या नाय म्हणाल्या आणि तू खाली मान घालून बसलीस. मी उठले. दात्यावर दबाव आणायचा नाही, नकार दिला तर पेशंटचं काय होईल हे त्याला ऐकवायचं नाही, हा आमच्या वॉर्डातला नियम मीच घातलाय. शिकाऊ डॉक्टरांना त्यावरून मी रागावलेसुद्धा आहे.

नंतर ऋतुराजनं तुला फोनवर सांगितलं ना, "तायडीचं अर्धं लई झालं, तीच तर त्यातली मोठी डॉक्टर"? फोन ठेवून तो भिंतीकडं तोंड करून झोपला. त्याला माझ्याच पेशी दिल्या. त्याच्यावर उपचार डॉ. अमृता करते, मी फक्त बहीण म्हणून काचेबाहेर उभी असते. तू विचारलंस की मी "सुधारतोय" असा मेसेज टाकत आले.

सोनू, तो सुधारत नाही. माझ्या पेशी त्याच्या अंगात रुजल्याच नाहीत. त्याच्या हाडांतला स्वतःचा मगज आम्ही औषधांनी आधीच संपवलाय, तो परत येणार नाही. आज त्याच्या हाडांत रक्त तयार होत नाही. लोकांनी दिलेल्या पिशव्यांवर तो जगतोय आणि ताप उतरत नाही. अमृता म्हणते, तुझ्या पेशी लगेच मिळाल्या तर दुसऱ्यांदा प्रयत्न करता येईल. आशा थोडी आहे, पण आहे. तुझ्याशिवाय तीही नाही. माझा नियम मी मोडतेय, आणि ऋतुराजला हे माहीत नाही, तुला काही सांगायचं नाही अशी त्यानं मला शपथ घातली होती. उद्या सकाळी मी तुमच्या लासूर स्टेशनच्या फलाटावर येऊन बसते. सत्यमरावांना घेऊन ये, द्वारकाबाईंना घेऊन ये, मी त्यांच्या पाया पडेन. नाही आलीस तरी तुझ्यावर राग धरणार नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खोटं झालं असतं. ये गं.

तुझीच,
तायडी