शेजारमत

स्टॅव्हलो टाउनशिप, विस्कॉन्सिन
९ सप्टेंबर २०१९

प्रिय ऑर्विन,

तू बरा असशील असं धरून चालते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की अजून डॉक्टरशी वाद घालतोयस? इकडे मका उशिरा तयार होतोय, बाकी सगळं जागच्या जागी आहे. माझ्या रॉलंडला जाऊन सहा महिने झाले. तुझं सांत्वनाचं कार्ड मार्चमध्येच मिळालं होतं, उत्तर द्यायचं राहून गेलं.

पत्राचं कारण मात्र कामाचं आहे. आपल्या काउंटीला दीडशे वर्षं होतायत, म्हणून इतिहास मंडळाची वर्ना डॉर्डल एक पुस्तिका काढतेय. आपल्या विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकांचं प्रकरण तिने माझ्या गळ्यात मारलं. मी म्हटलं, "अगं, मला लिहायला कुठे येतं?" तर म्हणते, "अठ्ठावीस वर्षं टाउनशिपची क्लार्क होतीस, मतपेटीची किल्ली तुझ्या एप्रनच्या खिशात असायची. आता अंग काढून घेऊ नकोस." वर्नापुढे कुणाचं काही चालत नाही, हे तुला आठवत असेलच.

तर महिनाभर काउंटीच्या कोर्टात बसून जुनी रजिस्टरं चाळतेय. पहिली साठ वर्षं सोपी गेली. आधी लाकूडवाले निवडून येत, जंगल संपल्यावर चीजवाले. तिसाच्या दशकात दोनदा प्रोग्रेसिव्ह पक्षाचा एक शाळामास्तर आला. तो सायकलवर प्रचार करायचा आणि भाषणात मुलांना पाढे विचारायचा. मग १९५० पासून आपले बाबा, रिपब्लिकन, ओळीने आठ वेळा. १९६६ ला ते उभे राहिले नाहीत. पुढे १९७२ ला सीमा बदलल्या, उत्तरेकडच्या चार टाउनशिप गेल्या आणि कागद गिरणीचं शहर आपल्याला चिकटवलं. त्यानंतर दर दहा वर्षांनी हेच. मतदारसंघाचा नंबर तीनदा बदलला. आता नकाशावर आपला मतदारसंघ फाटक्या मोज्यासारखा दिसतो, आणि निकाल मतदानाआधीच ठाऊक असतो. गेल्या दोन वेळा तर समोर कुणी उभंच नव्हतं. चुरशीच्या निवडणुकीचं काय असतं हे आजच्या पोरांना सांगूनही कळणार नाही.

शेजारमताबद्दलही लिहिलंय. वर्नाला ते फार आवडलं. १९५० ला बाबांसमोर चीज कारखान्याचा गस क्लेमेट्सन होता, डेमोक्रॅट, आणि चर्चमध्ये आपल्या मागच्याच बाकावर बसणारा. दोघांनी ठरवून एकमेकांना मत दिलं आणि मग टाउन हॉलमध्ये शेजारी बसून कॉफी प्यायले. स्वतःलाच मत देणं म्हणजे चर्चच्या जेवणात आधी स्वतःचं ताट भरून घेणं, असं बाबा म्हणत. तेव्हापासून आपल्या भागातला जो कुणी उभा राहिला, त्याने मत समोरच्यालाच दिलं. कायदा नव्हता, पण कुणी मोडलं नाही.

तुझ्याकडून मला एवढंच हवंय. बाबांच्या आठ निवडणुकांची कात्रणं आईने एका वहीत चिकटवली होती, ती ओरेगॉनला तुझ्याकडे असेल. तारखा तेवढ्या कळव. १९७८ ची ओळ सध्या कोरी ठेवली आहे. आकडे कोर्टात आहेतच, त्यासाठी तुला त्रास देत नाही.

गुडघ्याची काळजी घे.

तुझी,
बोर्गिल्ड

स्टॅव्हलो टाउनशिप
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय ऑर्विन,

तारखा मिळाल्या. वहीतला बाबांचा फोटो पाठवलास त्याबद्दल आभार. टोपी तिरकी घालून किती रुबाबात उभे आहेत!

१९७८ बद्दल मी विचारलं नव्हतं, तरी तू चार ओळी लिहून पाठवल्यास. त्याच चार ओळी थेट वर्नालाही पाठवल्यास. ती काल दुपारी ताटभर लेफ्सेच्या पोळ्या घेऊन आली, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी जड बोलायचंय. लोणी लावलं, साखर भुरभुरली, गुंडाळी केली, खाल्ली, आणि मग म्हणाली, "बोर्गिल्ड, ऑर्विन म्हणतो, १९७८ ला त्याच्यासमोर उभ्या असलेल्या रॉलंड ब्रेकीने शेजारमत मोडलं. स्वतःला मत दिलं आणि एका मताने जिंकला. छापू का?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? मेलेल्या माणसाबद्दल आहे, आणि तो तुझा नवरा. पण सगळं गाव चाळीस वर्षं हेच बोलतंय, हेही खरं. शुक्रवारी कागद छापखान्यात जातोय."

सगळं गाव बोलतंय, हे मलाही ठाऊक आहे. रॉलंडलाही ठाऊक होतं. चीज कारखान्यात तो रांगेत उभा राहिला की कुणीतरी हटकून म्हणायचं, "पुढे हो रॉलंड, तू स्वतःच स्वतःला पुढे घेतोस." तो हसायचा आणि पुढे व्हायचा.

आता हिशेब तुझाच घेऊ. प्रचारात तू आपल्या टाउनशिपमध्ये दारोदार फिरलास. एकसष्ट मतदार, प्रत्येकाने तोंडावर सांगितलं कुणाला देणार ते. इथली माणसं मत लपवत नाहीत आणि बदलतही नाहीत. तुझ्या यादीप्रमाणे तुला एक्केचाळीस आणि रॉलंडला वीस पडायला हवी होती, शेजारमतं धरून. पेटीतून निघाली चाळीस आणि एकवीस. सबंध मतदारसंघात तू एका मताने हरलास. हरणांच्या शिकारीच्या आधीच्या आठवड्यात कोर्टात फेरमोजणी झाली, तरी ते एक मत हललं नाही. बाकी सगळे शब्दाचे पक्के, तेव्हा एकच माणूस उरतो असं तू ठरवलंस.

संशय घेताना एक माणूस तू धरलाच नाहीस, कारण त्याचं मत न विचारताच तू आपलं म्हणून मोजलं होतंस. तो तुझ्याच घरात होता.

मतदानाच्या दिवशी मी टाउन हॉलमध्ये मतपत्रिकांवर सही करायला बसले होते. सकाळी तू आलास, पेटीत टाकून म्हणालास, "रॉलंडला दिलं. जा, बाबांना सांग." दहाच्या सुमारास रॉलंड आला, बुटांना चिखल लागलेला. म्हणाला, "दिलं तुझ्या भावाला. आता तरी मॅडिसनला विधानसभेत जाण्याआधी बांधावरचं कुंपण नीट कर म्हणावं." दुपारी दोनला हॉल रिकामा होता. मी माझी पत्रिका घेतली, पडद्याआड गेले आणि रॉलंडच्या नावासमोर फुली मारली.

रॉलंडवर माझा जीव होता म्हणून नाही. तेव्हा तो मला फक्त चिखलाचे बूट घालून येणारा शेजारी होता. राजकारण म्हणूनही नाही, मी आजही रिपब्लिकनच आहे.

तू कॉलेजसाठी बाबांबरोबर मॅडिसनला राहिलास. त्या वर्षांत तू राजधानी पाहिलीस आणि मी गोठा पाहिला. अधिवेशन जानेवारीत सुरू व्हायचं, म्हणजे नेमकं कडाक्याच्या थंडीत, आणि बत्तीस गायींच्या धारा आई आणि मी काढायचो, पहाटे आणि संध्याकाळी. १९६५ च्या फेब्रुवारीत आई गोठ्यातच पडली ती पुन्हा उठली नाही. मी सतरा वर्षांची होते. बाबा यायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांतही धारा काढाव्या लागल्याच. त्यानंतर बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत. पुस्तिकेत त्याचं कारण मी 'प्रकृती' असं लिहिलंय. कुणाची, ते लिहिलं नाही.

मग १९७८. बाबांचं अर्धं अंग गेलेलं, गायी चाळीस झालेल्या, आणि तू उभा राहतोस म्हणालास. मी विचारलं, इकडचं कसं व्हायचं? तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "चारच महिने तर असतात, बोर्गिल्ड. तू अगदी आईसारखं सांभाळतेस सगळं." तू कौतुकानेच म्हणालास, मला ते तेव्हाही कळलं. पण मला गोठ्यात पडलेली आई दिसली. तुला मी काहीच बोलले नाही, बोलायला हवं होतं. पडद्याआड बोलले.

गंमत अशी की तू घरी राहावास म्हणून मी तुला पाडलं, आणि हरलास म्हणून वसंतात तू ओरेगॉनला निघून गेलास. बाबा आणि चाळीस गायी माझ्याकडेच राहिले. सकाळची धार काढायला रॉलंड यायला लागला. एकदाच निवडून आला, पुन्हा उभा राहिला नाही. १९८१ ला आम्ही लग्न केलं. लग्नाच्या आठवडाभर आधी मी त्याला सगळं सांगितलं होतं. म्हटलं, "मी ऑर्विनला पत्र लिहिते. तुझं नाव उगाच खराब होतंय."

त्याने दुधाची बादली खाली ठेवली. "राहू दे. माझ्यावर चिडून तो मला एकट्याला सोडेल. हे कळलं तर तुला सोडेल, आणि तुला भाऊ एकच आहे. मला शेजारी पुष्कळ आहेत."

आणि मी राहू दिलं. अडतीस वर्षं राहू दिलं. तुझी नाताळची कार्डं माझ्या एकटीच्या नावावर येत राहिली, तो पोस्टातून आणून माझ्या हातात द्यायचा, उघडायचासुद्धा नाही. त्याच्या शवपेटीवर माती पडली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हळूच ते शेजारमताचं बोललं. मला ऐकू आलं. तरीही मी गप्प बसले, कारण सवय झाली होती. ऑर्विन, मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काल मी वर्नाला सगळं सांगितलं. तिने हातातली गुंडाळी ताटात परत ठेवली. मग म्हणाली, "हे छापलं तर ऑर्विन तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"बोलणार नाही," मी म्हटलं.

"आणि गाव?"

"गावाला चाळीस वर्षं बोलायला विषय मिळाला होता. आता नवा मिळेल."

ओळ मी तिच्यासमोरच लिहून दिली. छापून येण्याआधी तू ती वाचावीस, म्हणून इथे उतरवते:

"१९७८. रॉलंड ब्रेकी, डेमोक्रॅट, एका मताने विजयी. दोन्ही उमेदवारांनी शेजारमत पाळलं. निर्णायक मत पराभूत उमेदवाराच्या बहिणीचं होतं."

त्या मताबद्दल मी माफी मागत नाही. चार वेळा मागायला बसले, पण लिहिताना ते खोटं वाटलं. गप्प राहिल्याबद्दल मागायची आहे, पण ती ज्याच्याकडे मागायची तो आता नाही. तुझ्याकडे एवढंच मागते की कधी इकडे आलास, तर त्याच्या थडग्यापाशी जा आणि त्याला सांग की तू चुकला होतास. तुझ्या तोंडून ऐकायला त्याला आवडलं असतं. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बोर्गिल्ड ब्रेकी